चकाचक बाटल्या

"आता माझ्या आकड्यांवर बोट ठेवून दाखवाच!" ताई प्रयोगशाळेच्या भर बैठकीत गरजल्या.

गरजणारच हो! चार वर्षं डॉक्टरांच्या दारात चपला झिजवून त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनात काढलेली डोळ्यांची एक्केचाळीस भिंगं मिळवली होती. त्यातल्या प्रथिनांना ऑक्सिजनने नेमकं कुठे खाल्लंय, त्याचा नकाशा काढायचा होता. मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिनांचे तुकडे तोलतो. ऑक्सिजनचा अणू चिकटला की तुकडा सोळा एककांनी जड! आणि इथे तर तुकड्यामागून तुकडा जड, म्हणजे गंजलेला, निघाला.

"आपण इतिहास घडवला!" प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले आणि त्यांनी त्याच दिवशी शास्त्रज्ञांच्या परिषदेला कळवूनही टाकलं.

घरी आईने विचारलं, "माझं भिंग कसं निघालं गं?" एक्केचाळिसांत तिचंही होतं.

"सगळ्यांत गंजलेलं!" ताई आनंदाने म्हणाल्या.

"जन्म तुमची उष्टी काढण्यात गेला. गंजेन नाही तर काय!" आईने अबोला धरला.

आठवड्याने ताईंनी तुलनेसाठी कोरं, सीलबंद प्रथिन यंत्रात घातलं. तेही गंजलेलं! म्हणजे गंज बाटल्यांतला! त्या तडक बाटल्या धुणाऱ्या मामांकडे गेल्या.

"मामा, बाटल्या कशाने धुता?"

"तुम्हीच बोंबललात ना, कळकट आहेत म्हणून? तेव्हापासून जखमेवरचं ते फेसाळ औषध घालतो. बघा, कशा चकाचक!"

हायड्रोजन पेरॉक्साइड! प्रथिनांना ऑक्सिजन चिकटवायला याहून नामी औषध नाही!

"नंतर पाण्याने खळबळता ना?"

"छे! चमक जाते."

भिंगं तर सगळी त्याच बाटल्यांत घोटून संपली होती. रोगाने काय खाल्लं आणि बाटलीने काय, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"तुमच्या हातून असं झालंच कसं?" सर कडाडले.

"सर, इतिहास 'आपण' घडवला होता."

"तो इतिहास होता. ही चूक आहे!"

संध्याकाळी ताई आईसमोर बसल्या. "आई, तू गंजलेली नव्हतीस. म्हणजे, असशीलही. चूक माझी झाली. आता कधीच कळायचं नाही."

आई अबोला सोडून म्हणाली, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

ताईंचे डोळे भरून आले. "खरंच देशील?"

"तुला? डॉक्टरांना सांगून ठेवलंय, सरळ कचऱ्यात टाका म्हणून!"

ताईंनी मान डोलावली. पुरावे पाहता आईचा निर्णय शास्त्राला धरून होता.