हर्षालीच्या खोलीला पिवळी पट्टी

"खोली सजवायची कशी, ते माझ्याकडून शिका," असं सोपानरावांनी शनिवारी जेवताना जाहीर केलं, तेव्हा भाकरी थापणाऱ्या शकूने नवऱ्याकडे नाही, वर छताकडे पाहिलं.

त्यांच्या हर्षालीला रावेतच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. चाकणच्या चौकातून रोज ये-जा करायची, तर पोरगी पदवीआधी ट्रॅफिकमध्येच म्हातारी झाली असती, म्हणून हॉस्टेल. खोलीसाठी तिने मोबाइलवर दिव्यांच्या माळा, भिंतीवरचा पडदा आणि ढगाच्या आकाराची उशी निवडून ठेवली होती.

"येवढ्यात म्हशीची महिन्याची पेंड येती," सोपानराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे. मी करून देतो, कंपनीवानी."

"पप्पा, नको," हर्षाली म्हणाली. पण सोपानरावांच्या डोक्यात कारखाना सुरू झाला होता.

प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर, हा कंपनीचा मंत्र त्यांनी घरीही लावला होता. तिथे फळीवर पान्याची आकृती रंगवतात, म्हणजे पाना हरवला की रिकामी आकृतीच बोंब मारते. घरी चपला, सिलिंडर, पाण्याचा हंडा, सगळ्यांभोवती पिवळी चिकटपट्टी. "उद्या माणसांभवती बी मारा," शकू म्हणायची.

खरी काळजी वेगळीच होती. हर्षाली जन्मात कधी एकटी झोपली नव्हती, आणि नव्या जागी पोरीला झोप लागेल का, या विचाराने बापाचीच झोप उडाली होती. त्यांना थेरगावची आपली खोली आठवायची. नोकरीला नवीन असताना ते तिथे कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या कॉटचं भाडं भरून राहायचे, तेही एका कॉटवर दोघं. जोडीदार गेनूची रात्रपाळी, यांची दिवसपाळी. संध्याकाळी येऊन आडवं व्हावं, तर कॉट अजून गेनूच्या अंगाने कोमट असायची. उशीसुद्धा दोघांत एकच. घरच्या आठवणीने ती ओली व्हायची, पण कोणामुळे, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. सजावट म्हणाल तर भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. तरी काय झोप लागायची! कोणीतरी नुकतंच इथून उठून गेलंय, एवढाच आधार पुरायचा.

रविवारी सोपानरावांनी हॉस्टेलच्या फरशीवर गुडघे टेकले. कॉट, टेबल, कचऱ्याचा डबा, सगळ्यांना पिवळ्या पट्ट्या. भिंतीला एक फळी ठोकून तिच्यावर कंगवा, कात्री, चहाचा मग यांच्या आकृत्या रंगवल्या. रंग ओला होता. कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी दारात काळी-पिवळी धोक्याची पट्टी आडवी बांधली, रंगाच्या वासामुळे घातलेला मास्क कडीला अडकवला आणि लेकीला घेऊन मिसळ खायला गेले.

नेमकी तेव्हाच खोलीतली दुसरी मुलगी, मिनल, आईबरोबर लातूरहून येऊन पोचली. आईने पट्टी पाहिली, मास्क पाहिला, औषधासारखा वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "चल गं, हितं साथ आलीय!"

बातमी जिन्यावरून उतरेपर्यंत तिच्या कांजिण्या झाल्या. मेसवाल्यांनी त्या मजल्यावर डबे द्यायला नकार दिला. सोपानराव मिसळ खाऊन परतले, तर फाटकातच रेक्टर शालनबाई रुमाल तोंडावर धरून उभ्या.

"आजारी मुलीला बाहेर फिरवता?" त्या लांबूनच म्हणाल्या. "ती मिनल दुसरीकडे खोली बघायला निघाली."

हर्षाली बापाकडे बघतच राहिली. "पप्पा, आता मी एकटीच," एवढंच ती म्हणाली. सोपानराव तसेच रिक्षाकडे धावले.

रिक्षात बसू घातलेल्या मायलेकींसमोर त्यांनी हात जोडले. "आजार न्हाई हो ताई, रंग हाय. एकदा बघा, मंग जावा."

आत गेल्यावर शालनबाई म्हणाल्या, "ही मुलींची खोली आहे की गोदाम?" मिनल मात्र फळीसमोर थांबली. तिथे दोन कंगवे रंगवले होते, दोन कात्र्या, दोन मग.

"हे दुसरं कोणाचं, काका?"

"तुझं. तुला पाह्यलं नव्हतं, पण येणार म्हटल्यावर जागा नको व्हय?"

मिनलच्या आईने नाकावरचा पदर खाली घेतला आणि वळकटी कॉटवर टाकली, अगदी पट्टीच्या आत.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत हर्षालीचा फोन आला. मिनलने दिव्यांच्या माळा आणल्या होत्या, त्या फळीभोवती लावल्या म्हणे. "छान दिसतंय, पप्पा. पट्ट्या दिसतच नाहीत."

सोपानराव हात धुऊन जेवायला आले आणि पंख्याखालच्या, भिंतीकडेच्या जागेवर बसले.

"उठा तिथनं," शकू म्हणाली.

त्यांनी खाली पाहिलं. फरशीवर हर्षालीच्या पाटाएवढा चौकोन होता. पट्टी वाकडीतिकडी, कात्रीने न कापता दाताने तोडलेली.

"ती जागा मार्क केल्याली हाय," शकू म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला चुलीकडे वळली.

सोपानराव निमूट बाजूला सरकले. पट्टी सरळ मारायची असते, हे सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भाकरी अजून वाढायची होती.