ड-सतरा खुर्चीचं तिकीट

आमच्या नाट्यगृहात ड रांगेतल्या सतराव्या खुर्चीचं तिकीट घेणाऱ्याला प्रयोग संपल्यावर नाटकातली आई घरी न्यावी लागते. हे नाटक ज्या कादंबरीवरून घेतलंय तिच्या शेवटी मुलं आपल्या आईला, अनसूयाबाईंना, एसटी स्टँडवर बसवून निघून जातात, नाटकातही तसंच होतं. पडदा पडला की त्यांची भूमिका करणाऱ्या शालिनी धारप तोंडाचा रंग पुसून रिक्षाने आपल्या घरी जातात, आणि अनसूयाबाई रंगमंचावरच्या बाकावर बसून राहतात. धारपबाईंचं कामच त्या तोडीचं आहे. एक्केचाळीस प्रयोग झाले. चाळीसगावात एक्केचाळीस अनसूयाबाई सुखाने नांदताहेत.

मी बुकिंगच्या खिडकीवर असतो. बाकीची तिकिटं फोनवरही मिळतात, पण ड-सतरासाठी समक्ष यावं लागतं. घराला जिना आहे का, हे मी विचारतो, कारण बाईंचे गुडघे नवव्या प्रकरणापासून दुखतात. घरातलं कुणी त्यांच्याजवळ त्यांच्या मुलांचा विषय काढणार नाही, असं लिहून घेतो.

बेचाळिसाव्या प्रयोगाच्या बुकिंगला रांगेत पहिल्या होत्या द्वारकाबाई लोखंडे. कन्याशाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, वय एक्क्याऐंशी.

"कुणासाठी हवंय, आजी?"

"माझ्यासाठीच."

"अहो, अनसूयाबाई सदुसष्टच्या आहेत."

"असू दे की. मी चार वर्षांची होते तेव्हा माझी आई गेली. तोंडसुद्धा आठवत नाही. आई लेकीपेक्षा मोठीच हवी, असं तुझ्या कागदावर कुठं लिहिलंय?"

मी कागद पुढून-मागून वाचला. लिहिलेलं नव्हतं.

मागे बँकेतले कुलथे उभे होते. तेही तीन प्रयोगांपासून याच खुर्चीसाठी येत होते. ते म्हणाले, "आई चौदा वर्षांनी लहान? हे कसं चालेल? माझी हरकत लिहून घ्या."

मी ती लिहून घेतली आणि दिग्दर्शक नागवेकरांना फोन लावला.  ते म्हणाले, "अनसूयाबाईंनाच विचारा. अख्ख्या कादंबरीत त्यांना कुणी काही विचारलेलं नाही."

द्वारकाबाईंना तिकीट त्याच अटीवर दिलं. कुलथ्यांना शेजारचं, ड-अठरा.

त्या दिवशी प्रयोग असा रंगला की शेवटच्या प्रवेशात कुणी खोकलंसुद्धा नाही. मोठा मुलगा "पाणी घेऊन येतो" म्हणून जातो आणि अनसूयाबाई त्याच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवतात, तिथे तर मीही दाराशी उभा राहून रडलो. बेचाळिसाव्यांदा.

प्रेक्षागृह रिकामं झाल्यावर मी द्वारकाबाईंना वर नेलं. खिडकीशी तावातावाने बोलणाऱ्या बाई आता पदराचं टोक चुरगाळत होत्या. कुलथे पायऱ्यांपाशी थांबले.

"या अर्जदार," मी अनसूयाबाईंना सांगितलं. "वय एक्क्याऐंशी. नातं, मुलगी. आपली संमती हवी आहे."

अनसूयाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "केस किती कोरडे झालेत गं. तेल कोण लावतं तुला?"

"कुणी नाही."

"बस इथं."

द्वारकाबाई बसल्या. अनसूयाबाईंनी त्यांचा सुटत आलेला अंबाडा सोडला आणि पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातली. द्वारकाबाईंनी मान अजिबात हलवली नाही. कुलथ्यांनी चष्मा पुसला, न सांगता अनसूयाबाईंची गाठोडी उचलली आणि रिक्षात नेऊन ठेवली. जाताना माझ्याकडे हरकत मागे घेतल्याची सही करून गेले.

पंधरवड्याने द्वारकाबाई खिडकीशी आल्या. तक्रार होती.

"आई चिंचा खाऊ देत नाही. म्हणते, घसा धरेल. आणि दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणते. मला!"

मी खणातून अर्ज काढला. "महिन्याच्या आत बदलून मिळते, आजी. बदलून हवी का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्ज परत खणात ठेवला.

"नुसती लिहून घे," त्या म्हणाल्या. "लेकी करतातच तक्रारी."

मी तारीख घालून तक्रार लिहून घेतली. खाली त्यांनी सही केली. तेवढ्यात बाहेरचे दिवे लागले, आणि द्वारकाबाई काठी काखेत मारून धावतच सुटल्या.