धरणगावचा सिरीयल किलर

नानांनी पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला. शेवटी म्हणाले, "सर, यामा ओलावा शे."

नानांनी जन्मभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर काम केलं. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे कितीतरी बहाद्दर त्यांनी नुसत्या हाताने पकडले. निवृत्त झाल्यावर कापूस गेला, सवय राहिली. धरणगावच्या आमच्या गल्लीत कोणी थाप मारली की नाना म्हणत, "ओलावा शे!" मी नुकताच बदलून आलेला मास्तर, त्यांच्या समोरच्या घरातला भाडेकरू. म्हणजे आपसूकच संशयित.

गुन्हा असा, की हप्त्यातून तीन-चारदा, संध्याकाळी बरोबर साडेसातला, ऐन मालिकेत अख्ख्या गल्लीची केबल मरायची. लगेच नाना टोपी चढवून ओट्यावर येत आणि ओरडत, "उना! सिरीयल किलर उना!" उना म्हणजे आला.

मी मास्तरकी केली. "नाना, सिरीयल किलर म्हणजे एकामागून एक खून करणारा."

"मंग हाऊ काय करी ऱ्हायना? सोमवारले एक मारी, बुधवारले एक मारी!"



मग नानांच्या ओट्यावर चौकशी बसे. गल्ली झाडून हजर. "बठ्ठा संशयित शेतस," नाना सगळ्यांवरून बोट फिरवत जाहीर करत, "मी बी!" शेजारच्या अक्का भाजलेल्या शेंगा आणत. शेंगा सोलताना कोणाची बोटं थरथरतात, हे नाना बारकाईने बघत. साक्षी निघत त्या मात्र कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं आणि कोणाची म्हैस आटली याच्याच. नाना तेही वहीत टिपून घेत. अर्ध्या तासाने नाना पाणी प्यायला आत जाऊन येत तोवर केबल आपोआप जिवंत होई, पण उठायचं कोणी नाव काढत नसे.

मला क्रिकेटचं वेड. हा किलर ऐन सामन्यात माझीच विकेट काढायला लागला, तेव्हा मी परस्पर केबलवाल्याला तपासणीला बोलावलं. नानांना सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"नका बलावू, सर. तपास बिघडी जाई."

संध्याकाळी त्यांची समजूत काढायला गेलो, तर खिडकीतून वेगळंच दिसलं. गल्लीला केबल पुरवणारा डबा नानांच्याच भिंतीवर, त्याची वीजही नानांच्याच घरातून. नानांनी घड्याळ पाहिलं, बटण बंद केलं, टोपी घातली आणि ओरडत बाहेर धावले.

मी तडक अक्कांकडे. "अक्का, किलर सापडला! नानाच!"

अक्का शेंगा भाजत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "तुमले आज समजनं का? बठ्ठी गल्लीले माहीत शे."

कढई उतरवून त्या म्हणाल्या, "मागला साल नानास्नी घरवाली गयी. साडेसातले बठ्ठा दरवाजा बंद. नाना एकला ओटावर बठी ऱ्हायेत. एक दिन केबल खरीच बंद पडनी, आम्ही बाहेर उनूत. तवयपासून हाऊ किलर मांगे लागना."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. तिथूनच केबलवाल्याला फोन केला, येऊ नका, बिघाड सापडला.

अक्कांनी शेंगांचं ताट माझ्या हातात दिलं.

"चाला, सर. खुनी वाट देखी ऱ्हायना."