पाय जड, हात हलका

नव्या माणसाशी ओळख झाली की आमच्या शेजारच्या उषाअक्का त्याला बसा म्हणत नाहीत, पाणीही विचारत नाहीत. "हात दखाड," म्हणतात. त्याने हात दाखवला की अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटांनी दाबून बघतात, मनगट वाकवून बघतात आणि निकाल देतात, "दुखत शे. लई घट्ट धरस तू."

आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका तलाठ्याला वाटलं, बाई भविष्य सांगतात. त्याने दुसराही हात पुढे केला आणि बदली कधी होईल ते विचारलं.

"बदलीनं माले काय माहीत," अक्का म्हणाल्या, "पण मोटरसायकलना क्लच ढिल्ला करी ले."

अक्का धुळ्यात देवपूरला राहतात. वय पंचावन्नच्या पुढे. खापरावरचे पुरणाचे मांडे करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. लग्नसराईत पार दोंडाईच्यापर्यंतची माणसं त्यांना न्यायला येतात. आणि दर रविवारी सकाळी त्या सलवार-कमीज घालून, कमरेला ओढणी बांधून, डोक्यावर हेल्मेट चढवून लळिंगच्या टेकडीवरून सायकलने खाली येतात. रस्त्याने नाही, मागच्या दगडगोट्यांच्या वाटेने.

सायकल त्यांच्या मुलाची, योगेशची. चांगली जाड टायरची, डोंगरउतारासाठीच बनवलेली. तो नोकरीसाठी मेलबर्नला गेला आणि सायकल ओट्यावर राहिली. नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, जाऊनही बरीच वर्षं झाली. घरात त्या एकट्याच. एक दिवस त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "संजू, रविवारले मी बी येस तुमनासंगे." आमचा रविवारचा गट म्हणजे बँकेतला मी, एक दातांचे डॉक्टर आणि कॉलेजातले दोन मास्तर. आम्हाला वाटलं, पायथ्याशी बसून डबे सांभाळतील.

पहिल्या दिवशी अक्का वरून खाली आल्या त्या दोन्ही ब्रेक चारचार बोटांनी आवळून. दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला लग्नघरी मांडे होते. चुलीवर खापर तापलेलं, भोवती बायका बसलेल्या. अक्कांनी मांडा हातांवर घेऊन फिरवायला सुरुवात केली आणि बोटं उघडेनात. आखडलेल्या बोटांत मांडा फाटला आणि अर्धा चुलीत गेला. अक्कांनी शांतपणे सांगितलं, "पुरण पातळ शे." पुरण वाटणारी बाई आजही त्यांच्याशी बोलत नाही.

दुसरी कोणी असती तर सायकल सोडली असती. अक्कांनी ती अंगणात उलटी करून ठेवली आणि पाना घेऊन बसल्या. ब्रेकच्या दांड्या त्यांनी जरा खाली वळवल्या, म्हणजे उभं राहून उतरताना मनगट सरळ राहतं. आपली बोटं आखूड म्हणून त्या दांड्या हँडलच्या जवळ घेतल्या. मग आतल्या बाजूला सरकवल्या, नुसती अंगठ्याशेजारची बोटं टोकावर येतील इतक्या. जाड हातमोजे देऊन टाकले. हँडलच्या जाड मुठी काढून बारीक बसवल्या, कारण "जाड लाटणं धरा तं हात लवकर भरी येस." टायरमधली हवाही कमी केली, कारण दगडासारखं टायर प्रत्येक गोट्याचा दणका थेट बोटांत पाठवतं.

पुढच्या उतारावर ठेचकाळत, पण हसत खाली आल्या. दुसऱ्या दिवशी मांडे उतरले ते मलमलीसारखे तलम.

तेव्हापासून आमच्या गटाचा ताबा त्यांच्याकडे गेला. त्या मागून ओरडतात, "संजू, हाई हँडल शे, म्हैसनं शेपूट नही." वाट अवघड आली की त्यांचा मंत्र सुरू होतो, "बठ्ठं वजन पायमा. पाय जड, हात हलका." सगळा भार पायांवर घ्या, कोपर वाकवा, टाच खाली दाबा, नजर लांब ठेवा. जो चाकाखालचा दगड बघतो तो हँडल आवळतो, असं त्यांचं निरीक्षण आहे. अर्ध्या उतारावर त्या सगळ्यांना थांबवतात आणि ओले हात झटकल्यासारखे हात झटकायला लावतात. दातांचे डॉक्टर पहिल्यांदा लाजत होते. आता ते दवाखान्यातही दोन पेशंटच्या मध्ये हात झटकतात.

मागच्या मोसमात एका लग्नात सप्तपदी चालू होती. नवरदेवाने घाबरून नवरीचा हात असा पकडला होता की तिच्या बांगड्या रुतल्या. अक्का मांड्यांची परात बाजूला ठेवून मांडवात गेल्या आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, "ढिल्लं धर बेटा. पळी जाई का ती?" नवरी हसली, भटजी मंत्र विसरले.

टेकडी चढताना आम्ही सायकली ढकलत नेतो. अक्का नेहमी आमच्या पुढे जाऊन माथ्यावर थांबलेल्या असतात. मला वाटायचं, बाईंचा दमच दांडगा. एका रविवारी खालीच डॉक्टरांचं चाक पंक्चर झालं. मास्तर त्यांच्या मदतीला थांबले आणि मी एकटाच वर गेलो.

अक्का खडकावर बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. फोनवर योगेशचा चेहरा दिसत होता.

"काय रे," त्या विचारत होत्या, "ब्रेकवर एक बोट ठेवू का दोन?"

मी जागीच थांबलो.

"आई, एकच," योगेश म्हणाला. "मागच्या रविवारी सांगितलं होतं ना. थांब, कॅमेरा हँडलकडे फिरव."

"हाई का?"

"डावीकडे. हां. दांडी खाली वळवलेली आहे ना? ती कशाला, माहीत आहे?"

"नही बा. कशाले?"

आणि योगेशने समजावायला सुरुवात केली. मनगट, कोपर, टायरची हवा, सगळं. बोलता बोलता त्याला ती वाट आठवली. पहिल्या वळणावरचं बाभळीचं झाड अजून आहे का, विचारलं. एकदा तिथे कसा पडलो होतो ते सांगताना तो मोठ्याने हसला. अक्का "असं का?" आणि "मंग?" एवढंच म्हणत होत्या. बोटं सांभाळायची विद्या आयुष्यात प्रथमच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या.

फोन ठेवून त्या वळल्या, तर समोर मी.

"अक्का, हे सगळं तर तुम्ही आम्हाला शिकवता."

त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला.

"पहिले फोन करू तं नुसता हो, हं, जेवलो, इतलंच बोले तो," त्या म्हणाल्या. "तठे मेलबर्नले त्याले कोनी काही विचारत नही रे."

मग सायकल उभी केली, उताराकडे वळवली आणि मला म्हणाल्या, "चाल. तू पुढे व्हय, मी मागून येस."