स्वतःची काजळी घ्या

"सोमवारपासून मी कुणाच्याही चुका काढणार नाही!" ताईंनी सकाळच्या चहाला जाहीर केलं.

यजमानांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ताईंच्या बऱ्याच घोषणा ऐकल्या होत्या, पण एवढी मोठी नव्हती.

"कुणाच्याही म्हणजे माझ्यासुद्धा?"

"तुमच्यासुद्धा."

"मग घरात बोलायचं काय आपण?"

प्रश्न अगदीच गैर नव्हता. ताई एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवून द्यायच्या, हे त्यांचं काम. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडचण एवढीच, की संध्याकाळी छापखान्याला कुलूप लागायचं, ताईंना लागायचं नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बसथांब्यावरची पाटी, शेजाऱ्यांच्या लग्नाचं आमंत्रण, काहीही हाती पडो, आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि मग लग्न कुणाचं आहे ते. वाचनालयाच्या बाईंनी तर त्यांना हात जोडून सांगितलं होतं, की पुस्तक घरी न्या, पण पेन इथं ठेवून जा. कारण ताईंनी परत केलेल्या एका कादंबरीत नायिका शेवटचा श्वास घेते, त्या ओळीशेजारी लाल शाईत लिहिलेलं होतं, 'दीर्घ हवा.' नंतर ती कादंबरी वाचलेल्या एका गृहस्थांनी 'अगदी खरं आहे' म्हणून खाली सही केली होती!

या नोकरीनं ताईंना पगाराखेरीज आणखी एक गोष्ट दिली होती. दोन्ही भुवयांच्या मधोमध एक उभी आठी. झोपेतही ती मोडत नसे. जुन्या पोथ्यांमध्ये वाक्य संपलं की उभी रेघ असते ना, तशी. यजमान म्हणायचे, "एक रेघ आहे तोवर वाक्यच संपलंय असं समजू. दुसरी आली की ओवी संपली!"

या आठीवर इलाज विचारायला ताई धाकटीकडे गेल्या होत्या, आणि सोमवारची घोषणा हा त्याचाच परिणाम होता. धाकटी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. घराच्या मागच्या खोलीत ती स्वतः क्रीम आणि लेप बनवायची आणि गल्लीतल्या बायकांच्या चेहऱ्यांची निगा राखायची. आता तिनं रस्त्यावर स्वतःचं छोटंसं दुकान घेतलं होतं. रविवारी ते उघडायचं होतं. तिनं ताईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"ही क्रीमनं जायची नाही, ताई. ही चुका बघून बघून पडलीय."

"मग?"

"जरा चांगलं काय आहे तेही बघत जा. मजेसाठी वाच काहीतरी. रात्री हे क्रीम हलक्या हातानं लाव आणि मनाशी म्हण, सगळं छान आहे."

"छान आहे, की छान असायला हवं?"

"ताई!"

धाकटी हसली खरी, पण तिच्या हसण्यात जुनं काहीतरी खुपत होतं. लहानपणी ती सुट्टीला मामाकडे गेली होती, तेव्हा तिनं ताईंना एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. ताईंनी ते दुरुस्त करून परत पाठवलं होतं. पुढं तिनं आपला होणारा नवरा दाखवला, तेव्हा ताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. फक्त जरा ऱ्हस्व आहे." त्यावर सगळं घर हसलं होतं. धाकटीही हसली होती. पण ताईच्या तोंडून एकदा तरी, कशाला तरी, बिनशर्त 'छान' ऐकावं, ही तिची इच्छा काही पुरी झाली नव्हती.

तर, सोमवार उजाडला. ताई जे करायच्या ते नेटानं करायच्या. दूधवाल्याच्या बिलावर 'दुध' लिहिलेलं होतं, ते त्यांनी मुकाट्यानं गिळलं. यजमानांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "किती छान पसरलाय!" यजमानांनी घाबरून तो ताबडतोब उचलला आणि नंतर दिवसभर त्यांची तब्येत विचारत राहिले. रात्री ताई आरशासमोर बसून क्रीम लावायच्या आणि 'सगळं छान आहे' असं म्हणायच्या. आठी जागची हलली नव्हती, पण तिच्या टोकाशी थोडीशी चलबिचल दिसते आहे, असं त्यांना वाटायला लागलं.

बुधवारी दुपारी धाकटीच्या दुकानाचं माहितीपत्रक छापखान्यात त्यांच्या टेबलावर आलं. ऑपरेटरनं संगणकावर टाइप करून कच्ची प्रत काढली होती. ताईंनी सवयीनं लाल पेनाचं टोपण काढलं, आणि मग निश्चयानं परत लावलं. खुर्ची खिडकीपाशी ओढून त्या वाचायला बसल्या.

वर दुकानाचं नाव होतं, मग क्रीमविषयी, लेपांविषयी थोडं थोडं. आणि खाली धाकटीनं लिहिलं होतं: 'आमची आई रात्री चेहऱ्याला क्रीम लावायची आणि बोटावर उरलेलं आमच्या गालांना पुसायची. आधी ताईच्या, मग माझ्या. माझ्यापर्यंत येईतो बोटावर काही उरायचंच नाही. पण बोट गालावरून फिरायचंच. हे दुकान मी त्या बोटासाठी काढलं आहे.'

ताईंच्या डोळ्यांसमोर अक्षरं पोहायला लागली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत वाचलं, परत चष्मा पुसला. कितीतरी वर्षांनी त्या काहीतरी नुसतं वाचत होत्या. आपली धाकटी असं लिहिते, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं. त्यांनी खाली 'छापायला हरकत नाही' लिहून सही केली आणि लगेच फोन लावला.

"वाचलं गं तुझं. फार सुंदर लिहिलंयस. एकही चूक नाही!"

पलीकडून धाकटीचा धास्तावलेला आवाज आला.

"ताई, तुला बरं नाहीये का?"

"मला उत्तम आहे!"

"एकही नाही?"

"एकही नाही."

धाकटीनं फोन ठेवला तो रडू आवरेना म्हणून, हे ताईंना नंतर कळलं. ताईंची सही झालेला कागद पुन्हा बघायची छापखान्यात पद्धत नव्हती. ताईनं वाचलंय म्हटल्यावर धाकटीनंही पाहिला नाही. पत्रकं छापून झाली, आणि रविवारी सकाळी वर्तमानपत्रांतून घरोघर गेली.

यजमानांनी पेपर उघडला तसं पत्रक मांडीवर पडलं. त्यांनी ते उचलून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं.

"अगं, धाकटी दुकान कसलं काढतेय म्हणालीस?"

"चेहऱ्याचं. का?"

"नाही, इथं लिहिलंय, 'स्वतःची काजळी घ्या!' मला वाटलं, कंदिलाचं."

ताईंनी हातातला कप तसाच खाली ठेवला.

"'आमच्याकडे त्वचेची मनापासून काजळी घेतली जाते,'" यजमान पुढं वाचत होते. "'आठवड्याभरात तुमचा चेहरा उकळेल.' बाप रे! आणि शेवटी, 'काजळी करू नका, काजळी घ्या.' यातली नक्की कुठली काजळी चांगली, ते कळत नाही."

संगणकानं 'काळजी'ऐवजी 'काजळी' सुचवली होती, ऑपरेटरनं घाईत होकार दिला होता, आणि संगणकानं पुढं इमानेइतबारे सगळीकडे काजळी फासली होती. 'उजळेल'चं 'उकळेल' मात्र ऑपरेटरनं स्वतःच्या हिमतीवर केलं होतं. आणि ताईंच्या नजरेनं हे सगळं जसं असायला हवं तसं वाचलं होतं!

ताई लाल पेन घेऊन तशाच चपला अडकवून बाहेर पडल्या. जिन्यातल्या प्रत्येक दारासमोर पेपर पडलेले होते. ताईंनी पहिल्याच्या घडीतून पत्रक ओढलं, गुडघ्यावर धरलं आणि काजळी खोडायला सुरुवात केली. तिसऱ्या दाराशी पोचतात तोच दार उघडलं. आत राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या.

"माझा पेपर का चोरताय तुम्ही?"

"चोरत नाही हो! मी फक्त काळजी घेते... नाही, काजळी काढून... म्हणजे काजळीच्या जागी..."

"आत या, बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको, मला काजळी वाटते!" ताई म्हणाल्या आणि स्वतःचे शब्द ऐकून जिना उतरत पळत सुटल्या. आता तोंडातूनसुद्धा बरोबर येईना!

दुकानापर्यंतचा रस्ता त्यांनी कसा कापला, त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुकान उघडलं होतं, आणि बाकावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात पत्रक. भिंतीवर एक पाटी होती, अजून कापडानं झाकलेली.

"तो काजळीचा लेप आहे ना, तोच हवाय मला," एकजण सांगत होती. "हल्ली काळे लेप फार चाललेत."

"चेहरा उकळेल म्हणजे किती?" दुसरी विचारत होती. "मला फार गरम सोसत नाही."

धाकटी मधोमध उभी होती. तिच्याही हातात पत्रक होतं. तिनं ताईंकडे पाहिलं. ती रागावली असती तर ताईंना बरं वाटलं असतं.

"तू वाचलंच नव्हतंस ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"वाचलं होतं गं!"

"औषधाच्या बाटलीवरची वेलांटी तुला सुटत नाही, ताई. आणि हे सुटलं? मला बरं वाटावं म्हणून न बघताच सही केलीस. आणि सुंदर आहे म्हणालीस. मी त्या एका शब्दावर चार दिवस उडत होते."

ताईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"'आमची आई रात्री चेहऱ्याला क्रीम लावायची आणि बोटावर उरलेलं आमच्या गालांना पुसायची,'" ताई म्हणायला लागल्या. "'आधी ताईच्या, मग माझ्या.'" कागद समोर नव्हता. त्यांनी ते शेवटापर्यंत म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग म्हणाल्या, "तपासलं असतं तर चुका दिसल्या असत्या. मी वाचत बसले गं. मला नुसती तू दिसलीस."

धाकटीनं पदरानं नाक पुसलं.

"आणि एक चूक त्यात आहेच," ताई म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा पडला. "कुठली?"

"माझ्यापर्यंत काही उरायचंच नाही, असं लिहिलंयस ते. उरायचं. आई बोट लावायला आली, की मी गाल आत ओढून घ्यायचे. तुला उरावं म्हणून."

धाकटीनं ताईंच्या गळ्यात हात टाकले ते कितीतरी वेळ काढलेच नाहीत. बायकांपैकी दोघींनी डोळे पुसले. तिसरीनं थोडा वेळ थांबून विचारलं, "तुमचं झालं असेल तर माझ्या काजळीचं बघता का?"

धाकटी हसली. तिच्याकडे लेपात घालायची कोळशाची बारीक पूड होती. तिनं ती मातीत कालवली, काळाकुट्ट लेप तयार झाला. पण तो पाहून बायकांचा धीर सुटला. आधी कुणाला तरी लावून दाखवा, असा सूर निघाला, आणि सगळ्या नजरा ताईंकडे वळल्या.

ताई खुर्चीत बसल्या. धाकटीनं कपाळापासून हनुवटीपर्यंत लेप थापला आणि भुवयांमधली आठी खास भरून काढली. "आता वाळेपर्यंत बोलायचं नाही. हसायचं नाही. आठी तर अजिबात घालायची नाही. भेग पडली की सगळं फुकट!"

ताईंनी डोळ्यांनीच होकार दिला. खरंच छान वाटत होतं. गार, शांत. सगळं छान आहे, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच ते त्यांना पटलं.

"हे तुझ्यासाठी म्हणून झाकून ठेवलं होतं," धाकटी म्हणाली आणि तिनं समोरच्या पाटीवरचं कापड ओढलं. तिनं स्वतःच्या हातानं, निळ्या रंगात, वेलबुट्टी काढून रंगवलं होतं: 'मनाची प्रसन्नता हेच खरं सौदर्य.'

सौदर्य!

ताईंनी पापण्या लववल्या. अनुस्वार म्हणजे काय, एक टिंब. टिंबावाचून कुणाचं अडत नाही. किती छान रंग आहे. वेलबुट्टी किती छान आहे. सगळं किती छान...

"अगंबाई, भेग पडली!" बाकावरून कुणीतरी ओरडलं. नेमकी दोन भुवयांच्या मधोमध, उभी.

धाकटीनं वळून ताईंकडे बघितलं. ताईंचं बोट आपोआप वर उठलं होतं आणि पाटीकडे वळलं होतं. धाकटीनं पाटी वाचली, मग पुन्हा ताईंकडे बघितलं. कमरेवर हात ठेवले. आणि मग तिनं बोट काळ्या लेपात बुडवलं, टाचा उंचावून पाटीवर एक ठसठशीत टिंब दिलं, आणि बोटावर उरलेलं परत येऊन ताईंच्या गालाला पुसलं.

या वेळी ताईंनी गाल आत ओढून घेतला नाही.

"झालं समाधान?" धाकटीनं विचारलं.

ताईंनी पाटीकडे बघितलं. टिंब 'सौ'वर हवं होतं. पडलं होतं 'द'वर.

ताईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.