बापूसाहेबांचा शोधनिबंध

तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगावरचा डॉक्टर शर्मिला वानखडे यांचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्याचे लेखक अकरा होते. पाठवला तेव्हा दोनच होते. वाढीव मंडळींत सिव्हिल लाइन्समधले निवृत्त इंजिनिअर होते, भजन मंडळाच्या प्रतिमाताई होत्या, आणि गोहलपुरचा मंडपवाला नथ्थूही होता. संस्थेच्या रकान्यात 'नथ्थू टेंट हाउस' हा पत्ता तर अगदी ऐटीत बसला होता.

"बाबा, हे काय केलंत?" शर्मिलाने सासऱ्यांना विचारलं.

"काहून? तूच म्हटलं ना, नावं पाहून घ्या न् बटण दाबा," पुंडलिकराव म्हणाले. "पाहिली. एवढ्या मोठ्या कामात दोनच नावं! बरं दिसते का ते? खाली 'नाव जोडा' असं लिहूनच होतं."

चूक शर्मिलाचीही होती. निबंध शेवटच्या तपासणीसाठी आला, तेव्हा ती पाटणकडच्या खेड्यात शिबिराला होती. नेट नव्हतं, मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, म्हणून तिने फोनवर ते काम सासऱ्यांना सांगितलं. आणि सासरे होते या हिंदी मुलखातल्या शहरातल्या मराठी मंडळाचे जन्मभराचे चिटणीस. गणेशोत्सवाच्या पत्रिकेत एखाद्याचं नाव राहिलं की तो वर्षभर तोंड फिरवून जातो, हे त्यांनी सोसलं होतं. नाव गाळणं हा गुन्हा आणि घालणं हा शिष्टाचार, एवढंच त्यांना कळायचं.

"पुढच्या महिन्यात माझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे, बाबा. खोटे लेखक घुसवले म्हणतील. बढती तर जाईलच, अब्रूही जाईल."

"मग काढून टाकू ना. चलो, कुठं आहे ते बटण?"

शर्मिलाने कॉम्प्युटर बंद केला आणि स्वतःच संपादकांना कळवलं. उत्तर आलं, नावं काढता येतील, पण ज्याचं काढायचं त्याची सही हवी. पुंडलिकरावांना ही अट पटेना. नाव काढायला त्याच माणसाची सही आणायची, असलं धाडस मंडळात आजवर कुणी केलं नव्हतं.

तोवर सगळ्या लेखकांना अभिनंदनाचे ईमेल पोचले होते. इंजिनिअरांनी दारावरच्या पाटीत 'संशोधक' घालून घेतलं. "आधी बाकीच्यांची काढा, मग माझं," प्रतिमाताईंनी बजावलं. नथ्थू तर रडकुंडीला आला.

"दीदी, मैंने तो फ्रेम करवा लिया!"

"ठीक आहे," शर्मिला सगळ्यांना म्हणाली. "मग निबंधावर कुणी काही विचारलं, की तुमच्याकडे पाठवते. उत्तरं इंग्रजीत द्यावी लागतील."

संध्याकाळपर्यंत सह्यांचा ढीग पडला. नथ्थू तर पेन घेऊनच आला. राहिले फक्त मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब.

सासरा-सून त्यांच्या घरी गेले, तर बापूसाहेब चष्मा लावून निबंध पाठ करत होते. "विचारू दे कोणाला काय विचारायचं ते," ते म्हणाले. "दोन पानं झाली माझी."

इतक्यात त्यांच्या बायकोने, सुमित्राकाकूंनी, शर्मिलाला स्वयंपाकघरात ओढलं.

"पोरी, त्यांची सही घेऊ नको वं. जन्म गेला माझा तंबाखू सोडा, तंबाखू सोडा म्हणून सांगण्यात. पण त्यांनी चौकात सगळ्यांना हा निबंध वाचून दाखवला, न् मग पुडी घ्यायला गेले. पानवाला म्हणाला, 'बाबूजी, आपने ही तो लिखा है कि इससे कैंसर होता है!' तेव्हापासून चिमूटभर तोंडात नाही. आता तर निबंध वाचत बसून राहतात."

शर्मिलाला हसू आलं. इतकी वर्षं आपल्या निबंधांचा उल्लेख कोणी कुठे केला, हेच ती मोजत आली होती. एखादा निबंध वाचून कुणी पुडी सोडल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं. पण खोटं ते खोटंच. तिने बाहेर येऊन बापूसाहेबांना सगळं खरं सांगितलं, काकूंचं म्हणणंही सांगितलं.

बापूसाहेबांनी निबंधाची नीट घडी घातली. मग त्यांनी सही केली.

"फक्त पानवाल्याला सांगू नको," ते म्हणाले.

मुलाखतीला समितीचे अध्यक्ष तोंडात काहीतरी धरून बसले होते. दुरुस्त निबंध समोर होता. शेजारच्या सदस्यांनी विचारलं, "इस पेपर का ज़िक्र अब तक किसी ने नहीं किया. फिर इसका असर क्या है?"

शर्मिलाने काही लपवलं नाही. वाढलेली नावं, सह्या, चौकातला पानवाला, सगळं सांगितलं. सदस्य पोट धरून हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी बढतीच्या शिफारशीवर सही केली, बाकीचे चहाला उठेपर्यंत थांबले, आणि दाराशी पोचलेल्या शर्मिलाला खुणेने परत बोलावलं.

"मैडम," तोंडातला तंबाखूचा ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात सारत ते हळूच म्हणाले, "अगले पेपर में हमारा नाम जुड़ सकता है क्या? दो महीने बाद निकलवा लेंगे."