गोगटेकाकांचं विरजण

सकाळी चहा गाळत असताना दारावर टकटक झाली की समजायचं, गोगटेकाका आले. पायात सपाता, अंगात उसवलेला स्वेटर, हातात स्टीलची वाटी. "मनवा, चमचाभर विरजण आहे का गं?"

खरं तर मी दही लावतच नाही. दुकानातून डबा आणते, त्यातलंच देते. सुरुवातीला वाटलं, एकट्या माणसाचं दही संपत असेल. मग एकदा त्यांना ताप आला म्हणून सूप ठेवायला त्यांचा फ्रिज उघडला, तर आत पातेल्यांतून, वाट्यांतून, अगदी कपातूनही दहीच दही!

मिनिआपोलिसच्या डाउनटाउनमधली आमची ही इमारत मुळात ऑफिसांची. लोक घरून काम करायला लागले, ती ओस पडली, मग कुणीतरी तिच्यात घरं काढली. काका रस्त्यांचे इंजिनीअर. त्यांची सगळी नोकरी ह्याच मजल्यावर झाली, आणि आता ते तिथेच माझ्या समोरच्या घरात राहतात. पाहुण्याला घर दाखवताना एक वाक्य ठरलेलं, "आमच्या साहेबाची केबिन होती ना, तिथे आता माझं बाथरूम आहे." हे सांगताना चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते पेन्शनीनं येत नाही.

सुमनकाकू गेल्यावर त्यांनी ईडन प्रेरी या उपनगरातलं चार बेडरूमचं घर विकलं. काकांचं डोकं फिरलंय, यावर तिथल्या मराठी मंडळींचं कधी नव्हे ते एकमत झालं. काकांचं म्हणणं मात्र साधं होतं. "विरजण मागायला चालत जाता आलं, तर ती वस्ती. नाहीतर नुसतं पार्किंग." हे ते कुणालाही ऐकवतात. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गोऱ्या पोरालाही त्यांनी बजावलं, "यू मस्ट बॉरो फ्रॉम नेबर्स." त्यानं दुसऱ्याच दिवशी काकांचा व्हॅक्यूम क्लीनर नेला, तो अजून परत केलेला नाही. काका खूश! "पण मागायला आला की नाही?"

बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली, तरी इमारतींना जोडणाऱ्या काचेच्या बंदिस्त पुलांवरून ते सपाता घालून कोथिंबीर आणायला जातात. आल्यावर मला जुडी दाखवतात. "गाडी न काढता आणली!"

त्यांचा मुलगा निखिल टेक्सासला असतो. गेल्या महिन्यात तो त्यांना न्यायलाच आला. गावाबाहेर नवं घर बांधलंय म्हणे.

"बाबा, फाइव्ह बेडरूम्स!"

"शेजारी कसे आहेत?"

"नाइस, आय थिंक."

निखिल वाईट मुलगा नाही. मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "ही इज ऑल अलोन हिअर. हू नीड्स हिम?" तो प्रश्न घेऊनच मी घरात शिरले.

दुसऱ्या दिवशी टकटक झाली नाही. संध्याकाळी मी गेले. निखिल टेप आणायला खाली गेला होता आणि काका सामानाच्या अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये बसले होते.

"तुला सुमनचा पोलिसांचा किस्सा माहितीय ना?"

तो सगळ्यांनाच माहीत होता. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. एकदा काका ऑफिसात असताना दही नासलं, म्हणून काकू वाटी घेऊन बर्फातून चालत दुसऱ्या मराठी घरी निघाल्या. मोठ्या रस्त्याच्या कडेनं साडीवर जॅकेट घातलेली बाई चाललेली बघून पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं आणि घरी आणून सोडलं. मांडीवर रिकामी वाटी. पार्ट्यांमध्ये काका हे नकला करून सांगत, आणि काकूही हसत.

"त्यानंतर ती एकटी कधीच बाहेर पडली नाही गं," काका म्हणाले. "त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. मीच ठेवला नव्हता. ते ड्रॉइंग मी इथेच बसून केलं. तिथे कोण चालणार, असं म्हणालो होतो."

मला फार वाईट वाटलं. मी एक खोकं सरकवून त्यांच्याजवळ बसले.

सकाळी मी दूध तापवलं, कोमट केलं आणि वाटी घेऊन त्यांचं दार वाजवलं. निखिलनं उघडलं.

"काका, चमचाभर विरजण मिळेल?"

खोक्यांमागून काका उठले. "तू कधीपासून दही लावायला लागलीस?"

"आजपासून."

त्यांनी वाटीत चमचाभर दही घातलं, मग आणखी थोडं घातलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "निखिल, मी तुझ्याकडे आलो, तर हिचं दही कसं लागणार?"

निखिलनं वाटीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग तो खाली बसून एका खोक्याची टेप सोडवायला लागला.

काका मला पोचवायला निघाले. "सावकाश जा गं," म्हणाले. माझं दार समोरच होतं, तरी मी आत जाईपर्यंत ते कॉरिडॉरमध्ये उभे होते.